हौशीपणा कुणाला परवडतो?



ऐन मे महिन्यात आइस हॉकीवर बोलणारा वक्ता शोधून काढल्याबद्दल आयोजकांचं अभिनंदन. पंखे तेवढे जोरात करा. (हशा)

खेळ तुम्हाला टीव्हीवरून ठाऊक आहेच. चेंडूच्या जागी रबराची जाड चकती, तिला पक म्हणतात. आता एका बाजूला सहा खेळाडू असतात, आमच्या नायकाच्या काळी सात असत. हा सातवा गडी म्हणजे रोव्हर, बर्फभर मोकाट फिरणारा. आमचे नायक होबी बेकर रोव्हर होते.

जन्म 1892 चा, फिलाडेल्फियाजवळचा. शाळेत असताना गोठलेल्या तळ्यावर हा मुलगा अंधारात पक घेऊन फिरायचा. काठीकडे न बघता पक सांभाळता आला पाहिजे, हा हट्ट. 1910 मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात गेला आणि हॉकी व अमेरिकन फुटबॉल, दोन्ही संघांचा कप्तान झाला. फुटबॉल खेळायचा तो शिरस्त्राणाशिवाय. सामना संपला की प्रतिस्पर्ध्यांच्या खोलीत जाऊन हात मिळवायचा. पुढे दिवसा न्यूयॉर्कला मॉर्गनच्या बँकेत नोकरी आणि संध्याकाळी सेंट निकोलस क्लबकडून बिनपैशाचा खेळ. माँट्रियल कॅनेडियन्स या व्यावसायिक संघाने तीन हंगामांचे 20,000 डॉलर देऊ केले होते, असं सांगतात. त्याने नकार दिला.

इथे टाळ्या पडतात, तशा पडल्याही. पण माझं म्हणणं वेगळं आहे. हौशीपणा हा सद्गुण नव्हता, ते कुंपण होतं. पैसे घेऊन खेळणारा हलका, अशी त्या सुखवस्तू वर्तुळाची रीत होती.

पुढच्या रांगेत खो-खो खेळलेली मंडळी कुजबुजताहेत. अहो, तुमच्या हौसेवर माझा राग नाही! (हशा) तुम्ही पदरमोड केलीत. ज्यांनी दुसऱ्याची भाकरी बाटगी ठरवली, त्यांच्यावर राग आहे.

त्याच वर्षांतला जिम थॉर्प घ्या. सॅक अँड फॉक्स या मूळ अमेरिकी जमातीचा, कार्लाइलच्या मूळ अमेरिकींसाठीच्या शाळेत शिकलेला. 1911 मध्ये अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याच्या संघाने बलाढ्य हार्वर्डला 18-15 हरवलं. 1912 च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन, दोन्हींत सुवर्णपदक मिळवलं. पुढच्याच वर्षी दोन्ही पदकं काढून घेतली. का? 1909-10 मध्ये नॉर्थ कॅरोलायनात तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. कॉलेजची कितीतरी पोरं उन्हाळ्यात हेच करायची, फक्त खोट्या नावाने. हा भाबडा स्वतःच्या नावाने खेळला! तक्रारीची तीस दिवसांची मुदतही केव्हाच उलटून गेली होती. 1953 मध्ये तो वारला. विजेतेपद 1982 मध्ये परत दिलं, तेही वाटून. एकट्याच्या नावावर यायला 2022 उजाडलं. शंभर वर्षांहून जास्त, मंडळी!

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: ‘विषय बेकर’. (हशा) आलोच.

कुणी म्हणेल, बेकर काही कुबेर नव्हता. खरं आहे. 1907 च्या आर्थिक संकटात त्याचे वडील अडचणीत आले. दोन भावांपैकी एकालाच कॉलेजला पाठवणं शक्य होतं, तेव्हा थोरल्या थॉर्नटनने आपली जागा धाकट्याला दिली. म्हणजे 20,000 डॉलरची गरज या घराला होती. तरी घेता येईनात, कारण कुंपण आतल्यालाही अडवतं. बँकेतल्या टेबलावर हा पोरगा कंटाळून गेला होता. माझ्या मते विमानाकडे तो वळला त्यात या कंटाळ्याचा वाटा मोठा.

आता पाचच मिनिटं आहेत, भरभर सांगतो. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये लढाऊ वैमानिक होता, पुढे 141 व्या स्क्वाड्रनचा प्रमुख. तिथली विमानं त्याने प्रिन्स्टनच्या नारिंगी-काळ्या रंगांत रंगवली. युद्ध संपलं. 21 डिसेंबर 1918 ला तूलच्या तळावर, घरी परतण्याचा हुकूम खिशात असताना, दुरुस्त केलेलं विमान घेऊन तो शेवटची भरारी मारायला गेला. इंजिन बंद पडलं आणि तो कोसळला. वय 26.

1945 मध्ये हॉकी हॉल ऑफ फेमच्या पहिल्या मानकऱ्यांत तो आला. 1981 पासून अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज हॉकीपटूला त्याच्या नावाचा पुरस्कार मिळतो. आणि जुलै 2021 पासून या कॉलेजवीरांना आपलं नाव, आपला चेहरा वापरून उघडपणे पैसे कमावता येतात.

प्रश्न असतील तर बाहेर चहाजवळ विचारा. खो-खोवाल्यांनी आधी.