शेष बारा पोतीं

अमरावती रस्त्यावरील वाडी हें नागपूरच्या गुदामांचें व मालमोटारींचें गांव. तेथील सातवींतल्या मुलास विचारावें : पोतीं 1128, एका छोट्या मालमोटारींत मावतात 36, मोटारी किती लागतील? अमेरिकेंतील एका राष्ट्रीय चाचणींत हेंच गणित सैनिक व बसगाड्या घेऊन तेरा वर्षांच्या मुलांस घातलें होतें. निकाल 1983 सालीं प्रसिद्ध झाला. भागाकार सुमारें 70 टक्के मुलांना साधला. 32 हें उत्तर मात्र चौथ्या हिश्शालाही नाहीं. पुष्कळांनीं लिहिलें, 31 आणि शेष 12. म्हणजे बारा पोतीं रस्त्यावरच! सारे गुण भागाकारासच देणाऱ्या परीक्षकास ही उणीव दिसावी कशी? निम्मे गुण ‘बत्तीसच कां?’ या प्रश्नाच्या उत्तरास ठेवावेत. आणि पुरती भरल्याखेरीज मोटार हलवावयाची नाहीं असें मालकानें ठरविलें, तर उत्तर 31, भागाकार तोच.