एक धाप, अनेक रोग



वसंताच्या दिवसांत काव्यशास्त्रविनोद सोडून आम्ही रोगाचा विषय काढावा, हे कोणास रुचणार नाही. परंतु ओट्यावर धापा टाकीत बसलेले वडीलधारे माणूस ज्याने पाहिले नाही, असा श्रोता येथे विरळाच सापडेल. त्या माणसास आपण ‘दमेकरी’ म्हणतो आणि मोकळे होतो. आज आम्हांस सांगावयाचे ते एवढेच की, या एका शब्दाखाली अनेक तऱ्हांचे रोगी दडलेले असतात. आणि त्या सर्वांना एकाच मापाने मोजले, तर उपाय चुकतो.

प्रथम खरा दमा बाजूला काढू. दमा बहुधा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो आणि जातो. मधल्या काळात माणूस धडधाकट असू शकतो. आमचा आजचा विषय असलेला रोग चाळिशीनंतर हळूहळू पाय रोवतो आणि पुरता कधीच मागे हटत नाही. डॉक्टर त्यास सी. ओ. पी. डी. म्हणतात, आपण त्यास ‘जुनाट श्वासरोध’ म्हणू. त्याची ओळख फुंकण्याच्या चाचणीने पटते. नलिका रुंदावणारे औषध दिल्यावरही, जोराने सोडलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात शेकडा ७० पेक्षा कमी बाहेर पडली, तर नलिकांत अडथळा आहे असे समजतात. निरोगी माणसाकडून पहिल्या सेकंदात जेवढी हवा अपेक्षित असते, तिच्या निम्म्याहून कमी निघाली, तर रोग तीव्र मानला जातो.

हा अडथळा येतो कसा? फुफ्फुस म्हणजे उलटे धरलेले झाड कल्पावे. खोड आणि फांद्या म्हणजे श्वासनलिका. पाने म्हणजे वायुकोश, जेथे प्राणवायू रक्तात शिरतो. काहींच्या फांद्या सुजतात आणि कफाने भरतात. काहींची पानेच झडतात, म्हणजे वायुकोशांच्या भिंती फाटून मोठमोठ्या पोकळ्या होतात. दोहोंचा शेवट धापेत होतो. पण घडलेले नुकसान निराळे असते.

१९५५ मध्ये इंग्लंडचे डॉ. डॉर्नहॉर्स्ट यांनी तीव्र रोग्यांच्या दोन मूर्ती वैद्यकापुढे उभ्या केल्या. पहिला रोगी हाडकुळा, ओठ मुडपून फू-फू करीत श्वास सोडणारा. त्याचा वर्ण मात्र लालसर राहतो, कारण अफाट कष्टाने तो रक्तातील प्राणवायू टिकवून धरतो. दुसरा अंगाने स्थूल, खोकला-कफाने बेजार, ओठ निळसर, पायांवर सूज. त्याच्या रक्तात प्राणवायू कमी आणि कर्बवायू साठलेला, आणि हृदयाची उजवी बाजू थकलेली. पुढील संशोधनाने दाखविले की, अशी निर्भेळ उदाहरणे थोडी; बहुतेक रोगी मधलेच असतात. तरीही एक गोष्ट कायमची पटली, ती ही की, सारखीच धाप लागणाऱ्या दोघांची शरीरे आतून अगदी निराळी असू शकतात.

हा भेद केवळ पंडितांच्या कामाचा आहे काय? मुळीच नाही. प्राणवायूचेच पाहा. ज्यांच्या रक्तात तो कायम फार कमी असतो, अशांना घरी रोज किमान १५ तास प्राणवायू दिल्यास आयुष्य वाढते, हे १९८० आणि १९८१ मध्ये अमेरिका व ब्रिटन येथील चाचण्यांनी सिद्ध केले. परंतु कर्बवायू साठणाऱ्या रोग्यास घाबरून भरमसाठ प्राणवायू सोडला, तर तोच घात करतो. म्हणून जाणते डॉक्टर बोटावरच्या यंत्रातील आकडा ८८ ते ९२ च्या दरम्यान राखतात. औषध तेच, माणूस ओळखला तर ते तारते, न ओळखला तर मारते.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियेचे. फुगून निकामी झालेला फुफ्फुसाचा भाग कापून टाकावा, म्हणजे उरलेल्यास वाव मिळेल, ही कल्पना. अमेरिकेत १२१८ रोग्यांवर तिची परीक्षा झाली. ज्यांचे फुफ्फुस अत्यंत दुबळे आणि बिघाड सर्वत्र सारखा पसरलेला, किंवा रक्तात वायू शिरण्याची क्रिया फार क्षीण झालेली, अशांपैकी शस्त्रक्रियेनंतर महिनाभरात शेकडा १६ दगावले; २००१ मध्ये अशांना घेणे बंद झाले. २००३ चा निकाल मात्र असा लागला की, ज्यांचा बिघाड मुख्यतः वरच्या भागात आणि कष्ट सोसण्याची शक्ती कमी, त्यांचे आयुष्य शस्त्रक्रियेने वाढते. सर्वांची सरासरी काढली असता लाभ दिसेना. गट पाडले तेव्हा कोणाचे हित आणि कोणाचा घात, हे लख्ख दिसले.

आता आपल्या घरात येऊ. हा रोग म्हणजे विडी-सिगारेटचा, असे वैद्यकाची पाश्चात्त्य पुस्तके दीर्घकाळ सांगत आली. पण १९५९ मध्येच दिल्लीच्या डॉ. पद्मावती आणि डॉ. पाठक यांनी, फुफ्फुसांमुळे हृदय थकलेल्या १२७ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विडीला कधी न शिवलेल्या स्त्रियांतही हा विकार दिसत होता, आणि बोट चुलीच्या धुराकडे जात होते. पुढे पन्नास वर्षांनी, २००९ मध्ये, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात जगापुढे हिशेब मांडला. या रोगाच्या शेकडा २५ ते ४५ रोग्यांनी कधीच धूम्रपान केलेले नसते. तंबाखू ओढणारे सुमारे १०० कोटी. चुलीच्या धुराशी गाठ असलेले सुमारे ३०० कोटी!

आपल्या कापसाच्या मुलखात पऱ्हाटी, तुराटी आणि गोवऱ्या हेच पिढ्यान्‌पिढ्या सरपण. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने अनेक घरी गॅस पोहोचला. पण जिने तीस-चाळीस वर्षे फुंकणीने जाळ केला, तिच्या छातीतील नुकसान सिलिंडर आल्याने पुसले जात नाही. धुराने झालेल्या या प्रकारात पाने झडण्यापेक्षा बारीक फांद्यांचा बिघाड अधिक असतो, असे मेक्सिकोतील स्त्रियांच्या तपासणीत दिसले आहे. अशा आजीबाईस कोणी विचारते, “विडी ओढता का?” ती “नाही” म्हणते, आणि तेथेच चौकशी संपते. तिच्या धापेला वय म्हणून, अशक्तपणा म्हणून सोडून दिले जाते. ही उपेक्षा थांबली पाहिजे.

आणखी एक प्रकार आपल्या देशात विसरता कामा नये: पूर्वी क्षय होऊन बरा झालेल्याचा. जंतू गेले तरी व्रण राहतात आणि त्यांतून श्वासरोध जडू शकतो. क्षय उलटला असे समजून पुन्हा तीच औषधे सुरू करण्यापूर्वी थुंकीची तपासणी झालीच पाहिजे.

‘गोल्ड’ या जागतिक तज्ज्ञमंडळाने २०२३ च्या अहवालात कारणांनुसार वर्गवारी सुचविली, तीत आनुवंशिक दोष, बालपणी खुंटलेली फुफ्फुसांची वाढ, धूम्रपान, धूर व प्रदूषण, क्षयासारखे संसर्ग आणि दम्याची जोड यांना स्वतंत्र स्थान आहे. वारंवार उचल खाणाऱ्या रोग्यांचा गटही वेगळा ओळखतात. त्यांच्या रक्तातील इओसिनोफिल पेशी मोजून, ओढावयाचे स्टेरॉइड उपयोगी पडेल की नाही, याचा अंदाज घेता येतो.

तेव्हा घरच्या माणसास डॉक्टरांकडे नेताना केवळ “दम लागतो” म्हणून थांबू नका. चूल किती वर्षे फुंकली, विडी किती ओढली, क्षय झाला होता काय, लहानपणापासून दमा आहे काय, वर्षातून किती वेळा दुखणे उसळते, पायांस सूज येते काय, हे सारे सांगा; आणि फुंकण्याची चाचणी करावयास आग्रहाने म्हणा. विडी सोडणे व धूर टाळणे कोणत्याही प्रकारात हितकारकच. फाटलेले वायुकोश पुन्हा शिवता येत नाहीत हे खरे. पण नेमका रोगी ओळखला, तर त्याचे उरलेले श्वास पुष्कळच सुखाचे करता येतात. ती ओळख करून देण्याचे निम्मे काम घरच्यांचे आहे, आणि ते आपण सर्वांनी पत्करावे, एवढीच आमची विनंती आहे.