पाच हजारांच्या गोष्टीतलं राहून गेलेलं

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



‘राकेश झुनझुनवाला यांच्याकडून काय शिकावं’ यावर दहा मिनिटं बोला, असं मला सांगितलंय. विषय पोरांनी सुचवला. २५ वर्षांपूर्वी आपण इथं राहायला आलो, तेव्हा आपल्याकडं गुंतवणूक म्हणजे पोस्ट, एलआयसी, फार तर तुळजापूर रोडला एखादा प्लॉट. आता जिन्यातसुद्धा शेअरच्या टिपा ऐकू येतात.

झुनझुनवालांची गोष्ट पोरांना पाठ आहे. १९८५ साली पाच हजार रुपये घेऊन बाजारात उतरले, सेन्सेक्स तेव्हा दीडशेच्या आसपास, आणि गेले तेव्हा हजारो कोटींचे धनी. मधलं कुणी सांगत नाही.

वडील मुंबईत आयकर अधिकारी. मित्रांशी शेअरच्या गप्पा मारायचे. भाव रोज वर-खाली का होतात, असं मुलानं विचारलं, तर वडिलांनी पेपर वाचायला लावला. ग्वाल्हेर रेयॉनची बातमी आली की तिचा भाव हलणार, असं समजावलं. बाजारात जायचंय म्हटल्यावर आधी शिक्षण पुरं करायला लावलं. मुलगा सीए झाला. तरी वडिलांनी पैसे दिले नाहीत, आणि मित्रांकडं मागायचे नाहीत अशी तंबी दिली! मला या वडिलांचं फार कौतुक वाटतं. आपण काय करतो? पोरगा दोनदा रुसला की एफडी मोडतो.

१९८६ मध्ये त्यांनी टाटा टीचे ५,००० शेअर ४३ रुपयांनी घेतले, तीन महिन्यांत १४३ ला विकले. सुरुवातीला जादा परतावा कबूल करून लोकांचे पैसेही त्यांनी उचलले होते. ते मात्र आपण करू नये. ते ताळेबंद वाचणारे सीए होते, माझ्यासारखे मराठीचे मास्तर नव्हते.

आणि टायटन. २००२-०३ च्या सुमारास कंपनी अडचणीत होती, तेव्हा शेअर घेतले. २००८ साली सेन्सेक्स जानेवारीत २१ हजारांवर होता, तो ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली गेला. तरी टायटन मोठ्या प्रमाणावर शेवटपर्यंत त्यांच्याकडं राहिला. म्हणजे जवळजवळ वीस वर्षं. आपण आंब्याचं कलम लावतो तेव्हा रोज उकरून मूळ बघतो का?

मी बघितलं. आज पहिल्यांदाच चारचौघांत सांगतोय. निवृत्तीचे पैसे आल्यावर एका ग्रुपवरच्या टिपांवरून मी ऑप्शन घेऊ लागलो. पहिल्या आठवड्यात अकरा हजार सुटले. पेढे आणले, कशाचे ते सांगितलं नाही. पाच महिन्यांत १ लाख ४० हजार गेले. घरी कळलं ते बँकेच्या मेसेजवरून. ही काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी दुधाचा हिशोब माझ्याकडून काढून घेतला, एवढंच.

नंतर सेबीचे आकडे वाचले, सप्टेंबर २०२४ चे. तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी शंभरात ९३ जण तोट्यात, माणशी सरासरी दोन लाखांच्या आसपास. म्हणजे मी सरासरीपेक्षा हुशार निघालो म्हणायचं.

झुनझुनवाला स्वतः सौदेबाजीही करायचे, हे खरं. पण सौद्याचा हिशोब वेगळा आणि गुंतवणुकीचा वेगळा. आणि तब्येत ही आपली सगळ्यात वाईट गुंतवणूक, हे त्यांनीच जाहीरपणे कबूल केलं होतं. ७ ऑगस्ट २०२२ ला त्यांच्या आकासा विमान कंपनीचं पहिलं उड्डाण झालं, तेव्हा ते व्हीलचेअरवर होते. १४ ऑगस्टला गेले, ६२ व्या वर्षी.

आता मी दरमहा दोन हजारांची एसआयपी करतो, हिला सांगून. ग्रुपमधून बाहेर पडलो. वरच्या मजल्यावरची दोन पोरं मात्र अजून त्यात आहेत. नावं घेत नाही, ती समोरच बसलीत. बाळांनो, जेवणं झाली की पार्किंगच्या कट्ट्यावर या. माझी वही आणलीय, तोट्याची, तारीखवार.