मंद्र, मध्य आणि तार

एखाद्याचा आवाज चढला, कीं आपण म्हणतों, 'हे वरच्या पट्टींत बोलूं लागले.' संगीतांतला हा शब्द व्यवहारांत इतका रुळला आहे, कीं त्याचा मूळ अर्थ विचारल्यास पुष्कळांस नीट सांगतां येत नाहीं. शिवाय, जितकी पट्टी उंच तितकें गाणें मोठें, ही समजूतही त्याबरोबर घरोघर शिरली आहे. आज या समजुतीचाच विचार करावयाचा आहे.

प्रथम दोन शब्द वेगळे करूं. गाणारा ज्या स्वरास आपला षड्ज मानतो, ती त्याची पट्टी. काळी एक, काळी चार हीं नांवें पेटीवरून आलीं. सप्तक ही वस्तु निराळी. षड्जापासून निषादापर्यंतच्या स्वरांचा तो समूह. खालचा मंद्र, मधला मध्य, वरचा तार. मध्य षड्जाचीं आंदोलनें सेकंदास 240 धरलीं, तर मंद्र षड्जाचीं 120 आणि तार षड्जाचीं 480 होतात. पट्टी गायकागणिक बदलते. सप्तकांचें हें दुपटीचें नातें बदलत नाहीं.

या विचाराचें एक थोर पीठ आपल्या मराठवाड्यांतच होतें. देवगिरीस, म्हणजे आजच्या दौलताबादेस, यादव राजा सिंघण याच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत 'संगीतरत्नाकर' रचला. मंद्राचें स्थान हृदय, मध्याचें कंठ आणि ताराचें मस्तक, असें तो सांगतो. मंद्र स्वर लावतांना छातीवर हात ठेवून पाहावा. तेथें कंप जाणवतो. गाण्यानें कोठवर चढावें आणि कोठवर उतरावें, ही मर्यादाही त्यानें जातीच्या लक्षणांत गणली आहे.

युरोपांतील गायक याच अर्थाच्या जवळचा 'टेसितुरा' हा इटालियन शब्द वापरतात. त्याचा मूळ अर्थ वीण किंवा पोत. गीतांतील सर्वांत उंच स्वर कोणता, हें तो विचारीत नाहीं. गीत बहुतांशीं कोणत्या स्वरांत वावरतें, हें विचारतो.

आपल्या रागांत याचें सुंदर उदाहरण आहे. पूरिया, मारवा आणि सोहनी या तिघांचे स्वर तेच: ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, पंचम वर्ज्य. परंतु पूरिया मंद्राकडे ओढ घेतो, मारवा मध्य सप्तकांत राहतो आणि सोहनी तार षड्जाभोंवतीं खेळते. सोहनीला मंद्रांत फार वेळ बसवा. ती पूरियाच्या घरांत शिरूं लागेल. तेव्हां उंची हा गुणही नव्हे आणि दोषही नव्हे. ज्याचें जें घर, त्यानें तेथें राहावें.

जें रागाचें तेंच गळ्याचें. नांदेड जिल्ह्यांतील हिमायतनगर, जुनें नांव वाढोणा, येथें श्रीपरमेश्वराचें देवालय प्रसिद्ध आहे. तेथें काय किंवा दुसऱ्या कोणत्याही गांवीं काय, भजन रंगूं लागलें म्हणजे पुढच्या गायकास मानवेल ती पट्टी धरली जाते आणि बाकीचे मानेच्या शिरा ताणून तिच्यामागें धांवतात. पुष्कळ पुरुष काळी एकच्या आसपास सुखानें गातात, पुष्कळ स्त्रिया काळी चारच्या आसपास. काळी एक हा षड्ज धरला, तर काळी चार हा त्याचा पंचम होतो. एवढें अंतर असतां सर्वांनीं एकाच पट्टींत सारखेंच गावें, हा आग्रह कोणाच्या तरी गळ्यावर बसतो.

सर्वांत अधिक सोसावें लागतें तें वयांत येणाऱ्या मुलास. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास त्याचें स्वरयंत्र वाढतें आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खालीं उतरतो. काल तार षड्ज लीलेनें घेणारा मुलगा आज चिरकतो. मंडळी हंसतात, 'आवाज गेला' म्हणतात, आणि तो कायमचा मागच्या ओळींत जाऊन बसतो. वस्तुतः आवाज गेलेला नसतो, त्यानें घर बदललेलें असतें. त्यास थोडी विश्रांति आणि नवा षड्ज द्यावा, हिणवूं नये.

उंच पट्टीचा मान आला तोही अकारण नव्हे. केशवराव भोसले (1890–1921) यांच्या काळीं ध्वनिक्षेपक नव्हता. नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेस पद ऐकूं जावें, तर चढा, टिपेचा स्वर उपयोगीं पडे. आतां ध्वनिग्राहक कुजबूजही दूरवर नेतो. ती गरज संपली; संवय तेवढी उरली.

म्हणून घरांत कोणी गाऊं लागलें, तर प्रथम पेटीपाशीं बसून त्याचा षड्ज शोधावा. मंद्र पंचम स्पष्ट उमटावा, तार मध्यम विनासायास लागावा, आणि या दोहोंमध्यें आवाजानें सुखानें वावरावें. अशी जागा सांपडली, कीं ती काळी आहे कीं पांढरी, हें शेजाऱ्यास विचारण्याचें कारण नाहीं.