रिलायबल कोणाला म्हणायचं?



कॅम्पस मुलाखतींच्या निमित्ताने मुलांचे बायोडेटा माझ्यासमोर येतात. ‘हार्डवर्किंग’च्या शेजारी ‘रिलायबल’ हे विशेषण बहुतेकांनी स्वतःच स्वतःला लावलेलं असतं. माझ्या मते तो अधिकार आपला नाही. आपल्या कामावर ज्यांचं काही अवलंबून आहे, त्यांचा आहे.

उदाहरणार्थ, अमेरिकेची नासा ‘चॅलेंजर’ या अवकाशयानाला रिलायबल मानत होती. तिथले वरिष्ठ म्हणत, अपघाताची शक्यता एक लाखात एक. प्रत्यक्ष काम करणाऱ्या इंजिनिअरांचा अंदाज होता साधारण शंभरात एक! यानाचे बूस्टर बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीतल्या रॉजर बोझोले यांनी जुलै १९८५मध्येच लेखी कळवलं होतं, की सांध्यांमधल्या रबरी ओ-रिंग दगा देतील, माणसं जातील. २७ जानेवारी १९८६च्या रात्री फ्लोरिडात कडाक्याची थंडी होती. बोझोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनवरच्या बैठकीत सांगितलं, उद्या उड्डाण नको. आधीच्या एका थंडीतल्या उड्डाणानंतर सांध्यात सापडलेल्या काजळीचे फोटो बोझोलेंनी आपल्या वरिष्ठांपुढे टेबलावर मांडले. पण नासाला उशीर नको होता. कंपनीच्या वरिष्ठांनी इंजिनिअरांना बाजूला ठेवून होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी ७३ सेकंदांत यान फुटलं. आतले सातही जण गेले. त्यांत क्रिस्टा मॅकऑलिफ नावाची शाळेतली शिक्षिका होती.

पुढे चौकशी आयोगाच्या सुनावणीत, आयोगाचे सदस्य असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्याच रबराचा तुकडा शिकंज्यात आवळून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून शिकंजा सोडला, तर रबर चटकन मूळ आकारात येईना. एवढा साधा प्रयोग!

मुलांनो, त्या रात्री रिलायबल कोण होतं? सगळ्यांना हवं ते बोलणारे, की ‘नको’ म्हणणारे? माझं उत्तर ठाम आहे: ‘नको’ म्हणणारे. प्रॅक्टिकलला रीडिंग चुकलं, तर शेजाऱ्याच्या जर्नलवरून आकडे जुळवू नका; जे आलं तेच लिहा आणि सरांना सांगा. खरं सांगायची सवय इथे कॉलेजातच लागते. नोकरीत दडपण आल्यावर ती नव्याने लावता येत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

बोझोले आयोगासमोर खरं बोलले, तेव्हा कंपनीत अनेकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांनी नोकरी सोडली. १९८८मध्ये अमेरिकेतल्या वैज्ञानिकांच्या संस्थेने त्यांचा सन्मान केला. त्यानंतर कितीतरी वर्षं ते कॉलेजाकॉलेजांत, तुमच्याच वयाच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना त्या रात्रीची हकीकत सांगत राहिले.