चंद्रपूर वनविषयक परिषद : स्वागताध्यक्षांचे भाषण



इरई आणि झरपट या नद्यांच्या आश्रयाने वसलेल्या, खांडक्या बल्लाळशहांनी स्थापिलेल्या आणि जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा या चार वेशींचा परकोट अद्याप मिरविणाऱ्या या गोंडनगरीत स्वागत समितीच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा आमच्या शेजारी आहे आणि वनाधिकारी घडविणारी प्रबोधिनी आमच्या गावात आहे, याची आम्हांस धन्यता वाटते. परंतु आमच्या खऱ्या अभिमानाचा विषय आहे राणी हिराई. पती बीरशहा निवर्तल्यावर दत्तक पुत्र रामशहांच्या वतीने राज्याची धुरा वाहणाऱ्या या साध्वीने महाकालीचे मंदिर उभारले आणि अंचलेश्वराच्या सान्निध्यात पतीची समाधी बांधविली. तथापि चैत्रातल्या यात्रेस मराठवाड्यातून लोटणाऱ्या असंख्य भाविकांच्या ओठी तिचे नाव क्वचितच येते, ही आम्हा चंद्रपूरकरांच्या मनातील खंत आहे.

परकोट कितीही भक्कम असला तरी वेशीवर पहारेकरी नसेल तर तो व्यर्थ; वनांचेही तेच आहे. रूट ट्रेनरमधील रोपे, नैसर्गिक पुनरुत्पत्तीस साहाय्य, गावकऱ्यांसह संयुक्त वनव्यवस्थापन, गस्तीची मोबाईलवरील नोंद, या साऱ्या पद्धती स्तुत्य आहेत. पण ज्या वनरक्षकाकडे रिक्त पदामुळे शेजारच्या नियतक्षेत्राचाही अतिरिक्त कार्यभार आहे, ज्याने १५ फेब्रुवारीपासून १५ जूनपर्यंत वणव्याशी झुंजायचे, वनगुन्ह्यांचे पंचनामे करायचे आणि वाघाने गुरे मारल्यावर शेतकऱ्याच्या दारीही जायचे, त्याने नवी पद्धत शिकावी केव्हा आणि राबवावी कोणाच्या बळावर? अशा वेळी नवे परिपत्रक दप्तरी दाखल होते, आणि रानात जुनाच रिवाज चालू राहतो. हा दोष त्या कर्मचाऱ्याचा नव्हे, मनुष्यबळाच्या तुटीचा आहे.

आमच्या उन्हाळ्याची प्रखरता, निवासाची दाटी, पंगतीस होणारा विलंब यांबद्दल मी आपली क्षमा मागतो. उणीव दिसेल तेथे आमची साधने अपुरी पडली असे समजावे, भाव नव्हे. मंडप देणारे व्यापारी, धान्य पाठविणारे शेतकरी, आपल्या घरांची दारे उघडणारे नागरिक, पाण्याची सोय पाहणारे नगरसेवक आणि रात्रंदिवस राबणारे विद्यार्थी-स्वयंसेवक यांचे ऋण शब्दांनी फिटणारे नाही.

परिषदेस एकच विनंती : नव्या पद्धतीची शिफारस करणाऱ्या प्रत्येक ठरावात, ती राबविण्यास किती माणसे लागतील आणि ती कोठून येतील, हे कलम अवश्य घालावे.