शरदांतील आलापल्ली

पाऊस ओसरला, ओढ्यांचें पाणी निवळलें आणि शेतांतील धान लोंबीस आलें, म्हणजे चंद्रपुराहून आलापल्लीस जाण्याचा काळ आला असें समजावें. मात्र इंग्रजी काव्यांतून शरदाची ओळख करून घेतलेला शहरी प्रवासी येथें प्रथम फसतो. रस्त्याच्या कडेच्या सागाचीं पानें तपकिरी व जाळीदार झालेलीं पाहून पानगळ लागली, असें त्यास वाटतें. परंतु ही करणी ऋतूची नव्हे, किड्याची असते. एक बारीक अळी पानांतील हिरवा भाग खाऊन टाकते आणि शिरांची नक्षी तेवढी मागें उरते. सागाची खरी पानगळ पुढें हिवाळ्यांत होते. इकडचा शरद हा झडत्या वनाचा ऋतु नव्हे, भरल्या वनाचा ऋतु आहे.

प्रवासाचा आरंभ चंद्रपुरास करावा. गोंड राजांचा परकोट, जटपुरा, अंचलेश्वर, बिनबा व पठाणपुरा या वेशी, आणि राणी हिराईनें पति बीरशहा याच्या स्मरणार्थ उभारलेली समाधि हें सारें पाहिलें म्हणजे एका राज्याचें दगडी रूप डोळ्यांपुढें उभें राहतें. इ. स. १८१८ मध्यें हा कोट इंग्रजांनीं जिंकला. बहुतेक प्रवासी येथूनच माघारी वळतात. पण राजधानी पाहून राज्य पाहिल्यासारखें होत नाहीं. या राज्याचें बळ वनांत होतें.

गोंडपिपरीवरून आष्टीस गेलें म्हणजे वैनगंगा लागते. चपराळ्याजवळ ती वर्धेस मिळते आणि पुढें त्या प्रवाहास प्राणहिता हें नांव पडतें. नदी ओलांडली कीं सागाची दाटी वाढत जाते. आलापल्लीच्या बाजारांत मराठी, तेलुगु, गोंडी व माडिया या बोली एकाच वेळीं कानीं पडतात. जवळच अहेरीस दसऱ्याचा थाट असतो. कमलापुरास वनखात्याचे हत्ती आहेत. हत्तींकडून एके काळीं सागाचे अवजड ओंडके ओढून घेत. भामरागडच्या रस्त्यावरील ‘वनवैभव’ हा सुमारें ६ हेक्टरांचा राखीव वनखंड तर अवश्य पाहावा. २०१४ सालीं त्यास जैविक वारसा स्थळाचा मान मिळाला. महाराष्ट्रांत असा मान मिळालेलें तें पहिलें स्थळ होय. तेथील जुन्या सागाखालीं उभें राहून वर पाहिलें असतां टोपी सांभाळावी लागते. प्रवाशानें मच्छरदाणी मात्र विसरूं नये; पावसाळ्यानंतर या भागांत हिवतापाचें भय असतें.

या सागाची कीर्ति दूरवर आहे. २०२३ सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीं बल्लारपुराहून लाकूड रवाना झालें, तें याच प्रदेशांतील होतें. पण सागाची कीर्ति ऐकलेल्या कित्येकांस या वनांतील माणसाचें नांव ठाऊक नसतें.

तें नांव बाबुराव शेडमाके. मोलमपल्लीच्या या तरुण गोंड जमीनदारानें १८५८ सालीं इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललें. एप्रिल महिन्यांत प्राणहितेकांठीं चिंचगुंडी येथें तारायंत्र खात्याच्या छावणीवर हल्ला झाला. त्यांत गार्टलंड व हॉल हे दोघे मारले गेले. पुढें सरकारनें सारी शक्ति पणास लावली. तरी हें वन बाबुरावांस कित्येक महिने आसरा देत राहिलें. अखेर परक्यांच्या फौजेच्या नव्हे, तर अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या माणसांच्या हातीं ते सांपडले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं, ऐन शरदांत, चांद्याच्या तुरुंगांत त्यांस फांशी देण्यांत आलें. तेव्हां त्यांचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें.

म्हणून ज्यास सवड असेल त्यानें आपला प्रवास असा आंखावा कीं, वनाकडून परततांना २१ ऑक्टोबरास चंद्रपूर गांठतां येईल. त्या दिवशीं कारागृहांतील पिंपळापाशीं लोक श्रद्धांजलि वाहण्यास येतात. त्यांत दूरच्या वनांतून आलेलींही माणसें असतात. जातांना ज्या वेशी केवळ राजांच्या म्हणून पाहिल्या होत्या, त्यांतूनच प्रवासी आतां पुन्हां आंत शिरतो. परंतु आलापल्लीचें वन पाहून आल्यावर त्या पिंपळापाशीं कोणासाठीं उभें राहावयाचें, हें त्यास कोणीं सांगावें लागत नाहीं.